लव्हाळ्यांचा कैवार

गेल्या महिन्यांत आमच्या गांवीं, कृष्णेच्या घाटाशेजारीं, एक सभा भरली होती. विषय नदीकांठाच्या सुधारणेचा. पाटबंधाऱ्यांच्या कामांत उभा जन्म घालविलेले एक वृद्ध व विद्वान् गृहस्थ अध्यक्षस्थानीं होते. त्यांनीं सांगितलें कीं, घाटाखालचा दीड मैल कांठ ओसाड पडला आहे. तेथें दगडी भिंत घालावी, भिंतीमागें भराव टाकावा व भरावावर झाडें लावावींत, म्हणजे गांवास शोभा येईल. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीं टाळ्या वाजविल्या नाहींत, हें शेजारच्या स्नेह्यांनीं पाहिलें आणि घरीं परततांना, "प्रोफेसर, आपण झाडांचे वैरी केव्हांपासून झालांत?" असा सवाल टाकला. वनस्पतिशास्त्र शिकवून पोट भरणाऱ्या मनुष्यास हा सवाल झोंबणारा खरा. त्याचें उत्तर रस्त्यांत उभ्यानें देण्यासारखें नव्हतें, म्हणून तें येथें देतों.

वादाचें मूळ 'ओसाड' या एका शब्दांत आहे. ज्या कांठास अध्यक्षमहाशय ओसाड म्हणाले, तेथें मी सव्वीस वर्षें विद्यार्थ्यांना घेऊन जात आहें. आश्विनांत तेथें उभें राहून पाहावें. वरच्या पुळणीवर काशाचे पांढरे तुरे, त्याखालीं ओल्या गाळांत लव्हाळ्यांचे पुंजके व हरळीचें जाळें, आणि अगदीं प्रवाहालगत खडकांच्या भेगांतून शेरणीचीं झुडपें. शेरणीचें पान कण्हेरीसारखें अरुंद, फांदी वेतासारखी लवचिक, आणि मूळ असें चिवट कीं, उपटूं गेलेल्याच्या तळहाताची साल निघावी. व्हॅन स्टीनिस या डच शास्त्रज्ञानें वाहत्या पाण्याचा मारा सोसून वाढणाऱ्या जगभरच्या अशा वनस्पतींवर १९८१ सालीं एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला. ज्याला आपण ओसाडी म्हणतों, तिच्यावर ग्रंथ लिहिण्याइतकें कांहीं परक्यास दिसलें, हें आपल्या डोळ्यांस भूषणावह नाहीं. सरकारी दप्तराची दृष्टिहि आपल्याहून निराळी नाहीं. देशांतील पडीक भूमीच्या नकाशासंग्रहांत नदीकांठची वाळू हा एक वेगळा रकानाच आहे.

लव्हाळ्याचा दाखला तुकोबांपासून आपल्या तोंडीं आहे. नम्रतेवर व्याख्यान झोडणारा प्रत्येक वक्ता तो देतो. आमच्या अध्यक्षांनींहि त्या दिवशीं दिला, आणि लगेच त्याच लव्हाळ्यांवर भराव टाकण्याचा ठराव मांडला! तुकोबांनीं नदी डोळ्यांनीं पाहिली होती. झाडें जातात आणि लव्हाळे राहतात, हीं दोन्ही निरीक्षणें त्यांचीं आहेत. आपण दुसऱ्यावर प्रवचनें केलीं आणि पहिल्याकडे पाठ फिरविली. झाडें जातात म्हणूनच लव्हाळ्यांस ऊन मिळतें. तीन-चार वर्षें मोठा पूर आला नाहीं कीं, पुळणीवर बाभळीचीं व सुबाभळीचीं रोपें माना वर काढतात, त्यांची सावली पडूं लागते, व गवत विरळ होत जातें. मग एका श्रावणांत नदी येते, रोपें मुळांसकट ओढून नेते, जुना गाळ खरवडते, नवी वाळू टाकते. काशाचें खोड भूमीखालीं पसरलेलें असतें. त्याचा तुटलेला कांडा चार कोसांवर जाऊन लागला, तरी तेथें फुटतो. या कुरणाची खुरपणी पूर करतो. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरानें घाटाशेजारीं हौसेनें लावलेले गुलमोहोर आडवे केले. दिवाळीस त्याच कांठावर काश फुललेला होता.

यावर शास्त्राचा आधार घेणारे म्हणतील कीं, गवत ही केवळ पायरी आहे, अरण्य हें तिचें शिखर. आपण निसर्गास पायऱ्या लवकर चढावयास मदत करीत आहों. क्लेमेंट्स या अमेरिकन पंडितानें १९१६ सालीं वनस्पतींच्या अनुक्रमाचा जो सिद्धान्त मांडला, त्याची ही शाळेंत पाठ केलेली आवृत्ति आहे. ज्या भूमीस कोणी हात लावीत नाहीं, तेथें तो पुष्कळसा लागूं पडेल. परंतु नदी ही हात न लावणारी शेजारीण नव्हे. क्लेमेंट्सच्याच देशांत, ॲपलेशियन पर्वतांतील नद्यांच्या खरवडलेल्या कांठांवर व्हर्जिनिया स्पायरिया नांवाचें एक झुडूप वाढतें. पुराचा मारा थांबला कीं मोठीं झाडें व वेली त्यास झांकून टाकतात. धरणांनीं नद्या बांधल्या गेल्या आणि १९९० सालीं त्याची गणना धोक्यांत आलेल्या वनस्पतींत करावी लागली. ॲरिझोनांत तर ग्लेन कॅनियन धरणांतून १९९६ च्या वसंतांत सुमारें आठवडाभर मुद्दाम पूर सोडण्यांत आला, तो खालच्या वाळूच्या पुळणी पुन्हां घडाव्या म्हणून. ज्यांनीं नद्या बांधल्या त्यांनाच पुराची नक्कल करावी लागली. आमच्या कृष्णेस मात्र, जो पूर अजून येतो तोहि भिंतीनें दूर ठेवण्याचा आमचा आग्रह.

"पण गवताचा उपयोग काय?" हा प्रश्न आमच्या गांवीं तरी कोणी विचारूं नये. अध्यक्षमहाशयांचा स्वतःचा पंचवीस एकर ऊस आहे. कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊसपैदाशीचें केंद्र निघालें. तेथें बार्बर व वेंकटरामन यांनीं मळ्यांतील जाड उसाचा संकर नदीकांठच्या याच रानटी काशाशीं केला, आणि त्यांतून को. २०५ ही जात निघाली. काटकपणा, रोगाशीं टक्कर देण्याचें बळ, हें त्या काशाचें देणें. आज आपल्या शेतांत उभ्या असलेल्या उसांत त्या पुळणीवरच्या गवताचें रक्त आहे. सासरच्या संपत्तीवर चैन करून सासऱ्यास ओसाड म्हणणारा जांवई आमच्याकडे चांगला समजत नाहींत.

मी पुराचा भाट नव्हे. २०१९ सालीं आमच्या घरांतहि कमरेएवढें पाणी होतें, आणि वडिलार्जित पोथ्यांचा लगदा मीं स्वतःच्या हातानें उचलला आहे. वस्ती जेथें आहे तेथें तिचें रक्षण झालें पाहिजे. पण दीड मैल भराव टाकून पात्र अरुंद केलें, तर तेंच पाणी एक तर चढेल, नाहीं तर समोरच्या गांवांत शिरेल. पाटबंधाऱ्यांत जन्म घालविलेल्यांस हें मीं सांगावें, ही लाजेची गोष्ट आहे. कांठ निर्मळ आहे असेंहि मी म्हणत नाहीं. नाल्याचें घाण पाणी तेथें थेट पडतें, बेशरमाचीं बेटें माजलीं आहेत, डबक्यांत जलपर्णी सांचली आहे. तें सारें काढावयास निघा. कुदळ घेऊन पुढें मी होतों.

पुढली सभा पौषांत आहे. तींत ठराव मंजूर होण्यापूर्वीं अध्यक्षमहाशयांनीं एकदां कांठावर यावें, एवढीच माझी विनंती. वहाणा चिखलांत रुततील, त्या घाटावर काढून ठेवाव्या. दर शनिवारीं सकाळीं सात वाजतां मी विद्यार्थ्यांसह तेथें असतों.