‘बेस्ट लॉयर निअर मी’ सर्च करताय? आधी वकिलांच्या जाहिरातबंदीचं गणित समजून घ्या

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर माझा शाळेतला मित्र म्हणाला, “अबे, कंपनीसाठी दिवसभर कोड लिहितो ना तू, मला एक साधी वेबसाइट नाही बनवून देणार का?”

मित्र वकील आहे. सनद मिळून चार वर्षं झाली. वडील ब्रह्मपुरीजवळ शेती करतात, घरात आधी कोणी वकील नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालय आणि हायकोर्टाचं खंडपीठ यांच्यात तो दिवसभर पळत असतो. काम भरपूर, पण बरंचसं सिनिअरचं. स्वतःचे पक्षकार मोजकेच.

मी दोन रात्रींत साइट उभी केली. वर मोठ्या अक्षरांत ‘नागपुरातील क्रमांक १’, खाली जिंकलेल्या केसेसचा फिरता आकडा, तीन पक्षकारांचे कौतुकाचे शब्द आणि ‘आत्ताच कॉल करा’चं हिरवं बटण. वर पाच हजार रुपयांची ऑनलाइन जाहिरातही लावली. तिसऱ्या दिवशी बाररूममध्ये एका सिनिअरने त्याला बाजूला घेतलं आणि विचारलं, “सनद नकोशी झाली का तुला?”

जाहिरात त्याच दुपारी बंद केली. नियम मात्र मी त्यानंतर वाचला. खरं तर तो आधीच वाचायला हवा होता.

नियम नेमका काय आहे?

वकिलांवर अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ लागू होतो. त्याखाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वागणुकीचे नियम केलेत. त्यातला नियम ३६ सांगतो की वकिलाने थेट किंवा आडून काम मागायचं नाही आणि जाहिरात करायची नाही. पत्रकं, दलाल, आपल्या केसशी जोडून छापून आणलेले फोटो, सगळं बंद. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर ‘अमुक कामात स्पेशालिस्ट’ असं लिहायचं नाही.

२००८ मध्ये या नियमात एक खिडकी उघडली. वकिलाला वेबसाइट ठेवता येते, पण तिच्यावर ठरावीक माहितीच चालते: नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणी क्रमांक आणि तारीख, कोणत्या बार कौन्सिलचा नि बार असोसिएशनचा सदस्य, शिक्षण आणि कोणत्या क्षेत्रात काम करतो ते. म्हणजे जे पाटीवर चालत नाही, त्यातलं थोडं वेबसाइटवर चालतं!

आमच्या साइटवर यातलं नाव आणि फोनच होता. बाकी सगळं नियमाबाहेर. शिस्तभंग सिद्ध झाला तर ताकीद, काही काळ सनद निलंबित किंवा यादीतून नावच काढणं, अशी शिक्षा कायद्यात आहे. पाच हजारांच्या जाहिरातीसाठी मी मित्राची आख्खी करिअर पणाला लावली होती.

एवढी कडक बंदी का?

याचं उत्तर महाराष्ट्रातच सापडतं. मुंबईत काही वकील फौजदारी कोर्टाच्या दारातच उभे राहायचे, आलेल्या माणसाच्या हातातले कागद ओढायचे, त्यासाठी एकमेकांशी झटापट करायचे. हे प्रकरण ‘बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र विरुद्ध डाभोलकर’ या नावाने सुप्रीम कोर्टात गेलं. १९७५ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की वकिली हा धंदा नाही आणि अशी ओढाताण या पेशाला शोभत नाही.

अटक झालेल्या मुलाची आई कोर्टाच्या दारात उभी असते तेव्हा ती तुलना करून ‘खरेदी’ करण्याच्या मनःस्थितीत नसते. जो पहिला हात धरेल, त्याच्यामागे ती जाते. बंदीमागचं हे कारण मला आजही पटतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मात्र १९७७ मध्ये वकिलांना जाहिरातीची मोकळीक दिली. म्हणजे यावर जगात एकमत नाही.

मग आपल्याला फोनवर दिसतं ते काय?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. कोर्टाचं ते दार आता आपल्या खिशात आलंय.

‘डिव्होर्स लॉयर नागपूर’ असं टाइप केलं की वर ‘प्रायोजित’ असं बारीक लिहिलेले निकाल येऊ शकतात. त्या जागेसाठी लिलाव होतो आणि तो मिलिसेकंदांत संपतो. खाली नकाशावरची नावं दिसतात. ती गुगलच्या सांगण्यानुसार तीन गोष्टींवर ठरतात: तुमच्या शब्दांशी जुळणं, अंतर आणि प्रसिद्धी. प्रसिद्धीत रिव्ह्यूंची संख्या आणि स्टार येतात. या तिन्हींत ‘हा वकील उलटतपासणी कशी घेतो’ हे मोजणारं काहीच नाही. कोडला ते मोजताही येत नाही.

नियम ३६ वकिलाला बांधतो, यादी बनवणाऱ्या अॅपला नाही. त्यामुळे नियम पाळणारा यादीत खाली जातो आणि मोडणारा वर चढतो.

२०२४-२५ मध्ये काय घडलं?

जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने यावर बोट ठेवलं. ऑनलाइन पोर्टलनी वकिलांना रेटिंग आणि किंमत लावणं गैर आहे, असं म्हणत, पोर्टलमार्फत काम मागणाऱ्या वकिलांवर कारवाई करण्यासाठी राज्यांच्या बार कौन्सिलना कळवा, असा आदेश बार कौन्सिल ऑफ इंडियाला दिला. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने सोशल मीडियावरच्या जाहिराती, त्यात सेलिब्रिटी आणि इन्फ्लुएन्सर यांचा वापर, यावर कडक शब्दांत पत्रक काढलं. सनद नसताना कायद्याचा सल्ला देणाऱ्या रीलवाल्यांवरही त्यात टीका होती.

पण याच काळातला एक निकाल तुमच्या-माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. मोबाइल खराब निघाला तर ग्राहक आयोगात जाता येतं. पाच स्टार पाहून घेतलेला वकील निष्काळजी निघाला, तर त्या आयोगाचं दार बंद. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे करता येते, पण तिथे प्रश्न शिस्तीचा असतो. म्हणूनच रेटिंगवर विसंबून राहणं इथे जास्त महाग पडतं.

पण माझा मित्र चुकीचं काय मागत होता?

हा प्रश्न मला अजून छळतो. वकिलाच्या घरात जन्मलेल्याला ऑफिस, पुस्तकं आणि पक्षकार वारशात मिळतात. त्याला जाहिरात लागत नाही, आडनावच पुरतं. ब्रह्मपुरीहून आलेल्या मुलाला मात्र ‘मी इथे आहे’ हे सांगायलाही नियम आडवा येतो. बंदी सगळ्यांना सारखी आहे, पण तिचं ओझं सारखं नाही.

माझं मत असं: पैसे देऊन वर येणं आणि स्टार रेटिंग हे बंदच हवं. पण २००८ च्या नियमातली तीच कोरडी माहिती बार कौन्सिलने स्वतः एका शोधता येणाऱ्या, मराठी यादीत द्यावी. क्रम लिलावाने नाही, तालुका आणि कामाच्या क्षेत्रानुसार. तांत्रिकदृष्ट्या हे अजिबात अवघड नाही.

आम्ही शेवटी काय बनवलं?

साइटवर आता फक्त नियमात बसणारी माहिती आहे, एका पानाची. उरलेला वेळ आम्ही त्याच्या डायरीवर घालवला. कारण त्याला विचारलं, “पक्षकार सगळ्यात जास्त कशासाठी फोन करतात?” तो म्हणाला, “माझ्या केसचं काय झालं, एवढंच.”

मग एक साधी शीट केली. प्रत्येक केसची एक ओळ: सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक, कोर्ट, टप्पा, पुढची तारीख, बाकी कागदपत्रं, फी. तारखा कॅलेंडरला जोडल्या. उद्या बोर्डावर काय आहे ते आदल्या संध्याकाळी दिसतं आणि एकाच वेळी दोन कोर्टांत पुकारा होण्याची शक्यता असली तर आधीच कळतं. रोज सहा वाजता वीस मिनिटं तो बसतो आणि त्या दिवशीच्या प्रत्येक पक्षकाराला तीन ओळी पाठवतो: आज काय झालं, पुढची तारीख कोणती, तुम्ही काय आणायचं. आपल्याच पक्षकाराला त्याच्या केसची खबर देणं म्हणजे काम मागणं नव्हे. तो सगळ्या नंबरांना शुभेच्छांसोबत स्वतःची ‘सेवा’ मात्र पाठवत नाही.

फोन कमी झाले. नंतर त्याच्या एका पक्षकाराने चुलतभावाला त्याच्याकडे पाठवलं. “तारीख सांगतो बाबा हा वकील,” एवढीच त्याची शिफारस. ती विकत घेता येत नाही.

तुम्ही वकील शोधताना

• नोंदणी क्रमांक विचारा. महाराष्ट्रातल्या वकिलाच्या क्रमांकात ‘एमएएच’ आणि वर्ष असतं. विचारण्यात अपमान काहीच नाही.

• ‘१०० टक्के जामीन’, ‘गॅरंटीड निकाल’ असं लिहिलेलं दिसलं की पुढे सरका. जो स्वतःचा नियम मोडतो, तो तुमच्या केसमध्ये काय पाळेल?

• फी, खर्च आणि केसची माहिती कधी मिळणार, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी लिहून घ्या.

• सीएनआर क्रमांक मागून घ्या आणि ई-कोर्ट्सच्या सरकारी अॅपमध्ये टाका. तारीख आणि आदेश फुकट दिसतात.

• पैसे नसतील तर १५१०० वर फोन करा. ही विधी सेवा प्राधिकरणाची हेल्पलाइन आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो.

मित्राची साइट आजही सर्चच्या पहिल्या पानावर येत नाही. मी दोनदा तपासलं. त्याने एकदाही नाही, कारण तो तेव्हा कोर्टात होता.