शिक्षा सरली, आता आखाड्याचे दार उघडा!

पहाटे पाचला लासुर्ण्यात बारामती-इंदापूर रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा. अंधार फिटायच्या आत पोरांची पावले वाजू लागतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक: पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेचे ते पन्नास गुण या पोरांना तोंडपाठ आहेत. कुणी धावून आला की तालमीत उतरतो, माती उकरतो, जोर-बैठका मारतो. भोवताली नीरा डाव्या कालव्यावरचा ऊस आहे, भवानीनगरला छत्रपती कारखाना आहे, वालचंदनगर हाकेच्या अंतरावर आहे. पण वाटण्या होता होता ज्याच्या वाट्याला पाऊण एकर उरली, त्याचे खरे भांडवल म्हणजे त्याचे शरीर. दूध, बदाम, तूप, आईच्या कानातले विकून भरलेली शिबिराची फी, सगळे त्या शरीरात गुंतलेले असते.

आता याच पोरांपैकी एखादा बांधावरच्या भांडणात काठी उचलतो. भाऊबंदकीचे जुने वैर असते, जत्रेची रात्र असते, वय एकोणीस असते. समोरच्याचे डोके फुटते. गंभीर दुखापतीचे कलम लागते. वर्षानुवर्षे तारखा पडतात, शेवटी शिक्षा होते, पोरगा आत जातो, दिवस भरतो आणि परत येतो. त्या दिवशी त्याची दुसरी शिक्षा सुरू होते. ती कुठल्याही न्यायाधीशाने ठोठावलेली नसते. तिला मुदत नाही, तिच्यावर अपील नाही. वस्ताद म्हणतो, तालमीचे नाव खराब होईल. स्पर्धेचे संयोजक नाव घेताना चाचरतात. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर एक ओळ उमटते आणि खेळाडूंसाठी राखीव असलेल्या पाच टक्के सरकारी जागा त्याच्यासाठी नसल्यासारख्या होतात. गाव त्याला बापाच्या नावाने ओळखत नाही. ‘आत जाऊन आलेला’ एवढीच त्याची ओळख उरते.

आम्ही विचारतो, ही दुसरी शिक्षा देण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

न्यायालयाने गुन्हा तोलला, साक्षी ऐकल्या, किती वर्षे ते मोजून सांगितले. त्या मोजमापात एक दिवसाचीही भर घालण्याचा हक्क ना क्रीडा संघटनेला आहे, ना गावच्या पारावर बसणाऱ्यांना. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की पंच शिटी वाजवतो आणि वरचा मल्ल उठतो, खालच्याला हात देतो. चितपट झालेल्याच्या छातीवर आयुष्यभर बसून राहण्याची रीत आमच्या मातीत नाही. ती आपण माणसांच्या आयुष्यात कुठून आणली?

आणि या देशात दुसरी संधी कुणालाच मिळत नाही असेही नाही. मिळते, भरभरून मिळते. मात्र ती नाव, पैसा आणि वकील पाहून मिळते. नवज्योतसिंग सिद्धू यांचे प्रकरण डोळ्यांसमोर आणा. 27 डिसेंबर 1988 रोजी पतियाळात रस्त्यावरच्या भांडणात गुरनाम सिंग नावाचे 65 वर्षांचे गृहस्थ मरण पावले. खटला चालू असताना सिद्धू भारताकडून खेळत राहिले. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा दिली, तिला स्थगिती मिळाली आणि ते पुन्हा लोकसभेत निवडून गेले. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक हजार रुपये दंडावर सोडले. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचारात एक वर्षाचा कारावास दिला. चौतीस वर्षांनी! सिद्धूंनी खेळायला नको होते असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जो दिलासा पतियाळाच्या सलामीवीराला विनासायास मिळाला, तो लासुर्ण्याच्या पोराला भीक मागूनही का मिळू नये?

लोकप्रतिनिधींसाठी तर कायद्यानेच हिशेब करून ठेवला आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस शिक्षेच्या काळात आणि सुटकेनंतर सहा वर्षे निवडणूक लढवू शकत नाही. सातव्या वर्षी तो उभा राहू शकतो, निवडून येऊ शकतो, मंत्रीही होऊ शकतो. म्हणजे राज्य चालवायला परत येण्याची तारीख या देशात लिहून ठेवलेली आहे, पण गोळा फेकायला परत येण्याची नाही! आणि सहा वर्षांचा विलंब पुढाऱ्याला परवडतो, साठाव्या वर्षीही त्याचे राजकारण तरुण असते. मल्लाची उमेदीची वर्षे दहा, धावपटूची त्याहून कमी. खेळाडूच्या बाबतीत उशीर म्हणजेच नकार.

खुद्द क्रीडाक्षेत्राकडे मोजपट्ट्या नाहीत असेही नाही. उत्तेजक द्रव्य घेतले तर किती वर्षे बंदी, हे जागतिक संहितेत लिहिलेले आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेल्या नरसिंग यादवला 2016 मध्ये रिओ ऑलिंपिक चालू असतानाच चार वर्षांची बंदी बसली. आपल्याविरुद्ध घातपात झाला हे त्याचे म्हणणे लवादाने मानले नाही. ती वर्षे सरली आणि 2020 मध्ये तो पुन्हा मॅटवर उतरू शकला. 2025 च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेने पंचाला लाथ मारली, तेव्हा राज्य कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी जाहीर केली. ती कडक की सौम्य यावर वाद घाला, पण तिला आकडा होता. न्यायालयात दोषी ठरून, तुरुंगात दिवस काढून आलेल्या खेळाडूसाठी मात्र असा आकडा कुठेच लिहिलेला नाही. जिथे लिखित नियम नसतो तिथे पदाधिकाऱ्याची मर्जी चालते, आणि मर्जी गरिबाच्या बाजूने कधी फिरल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

अंकित चव्हाणचे उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. मुंबईचा हा डावखुरा फिरकीपटू 16 मे 2013 रोजी श्रीशांत आणि अजित चंडिला यांच्यासोबत स्पॉट-फिक्सिंगच्या आरोपावरून पकडला गेला. संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का लावला गेला. लग्नासाठी त्याला अंतरिम जामीन मागावा लागला. सप्टेंबरमध्ये क्रिकेट मंडळाने आजन्म बंदी घातली. जुलै 2015 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही आरोपमुक्त केले, तरी बंदी जागची हलली नाही. श्रीशांत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च 2019 मध्ये न्यायालयाने आजन्म बंदी रद्द करून मंडळाला शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले आणि बंदी सात वर्षांवर आली. त्याच धर्तीवर अंकितची बंदीही सात वर्षांची झाली, आणि खेळायला मोकळा असल्याचा निरोप त्याला मिळाला 2021 च्या जूनमध्ये. पकडला गेला तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता, दार उघडले तेव्हा पस्तिशीचा. मंडळाची चौकशी वेगळी, तिचा निष्कर्ष वेगळा, हे आम्हाला मान्य आहे. सामना विकणारा प्रेक्षकांचा विश्वास विकतो आणि त्याला शासन झालेच पाहिजे. पण ‘आजन्म’ हा शब्द इतका स्वस्त कसा झाला? शेजारच्या पाकिस्तानचा महंमद आमिर अठरा वर्षांचा असताना लॉर्ड्सवर पैशांसाठी नो-बॉल टाकून बसला. इंग्लंडच्या न्यायालयाने त्याला तुरुंगात धाडले, पाच वर्षांची बंदी बसली. ती भोगून तो परतला आणि 2017 च्या चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्याने आपल्याच रोहित, विराट आणि शिखरला बाद केले. तो पराभव आपल्याला झोंबला, पण आमिर परत आला म्हणून क्रिकेट बुडाले नाही.

कायद्याच्या पोटात दया आहे, ती बाहेर काढणारे हात नाहीत. 1958 चा परिवीक्षा कायदा सांगतो, की चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला केवळ दोषी ठरल्यामुळे कुठलीही अपात्रता चिकटू नये. बालन्याय कायदा काही अपवाद सोडले तर अल्पवयीनाच्या माथ्यावरचा डाग पुसतो. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये संदीप कुमार खटल्यात आणि 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात नोकरी देणाऱ्यांना बजावले, की तरुणपणातल्या किरकोळ चुकीकडे चूक म्हणूनच पाहा, गुन्ह्याचे स्वरूप तपासा. आमच्या तालुक्यातल्या किती पोरांना हे माहीत आहे? किती वस्तादांना? एक वकील जोडून दिला तर ज्याचे आयुष्य वाचले असते, तो पोरगा आज वाळूच्या ट्रॅक्टरवर बसतो, आणि मग आपणच म्हणतो, बघा, पुन्हा त्याच वाटेला गेला.

कपाळावर कायमचा शिक्का मारण्याची ही सवय आपल्याला इंग्रजांनी लावली. 1871 साली येरवड्याचा तुरुंग उभा राहिला आणि त्याच साली जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे बघणारी नजर अजून 1871 सालातच आहे. बारामती-इंदापूरच्या माळांवर पालात वाढलेले ते पोर वाऱ्यासारखे धावते. मैदानात उतरायच्या आधीच त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. त्याला पहिली संधीसुद्धा मिळालेली नसते, दुसरीची गोष्ट दूरच.

आता आमच्यावर होणारा वार आम्ही छातीवर घेतो. ज्याचे डोके फुटले त्याचे काय? ज्या मुलीवर अत्याचार झाला तिचे काय? हा प्रश्न विचारणारा आमचा शत्रू नाही. नेदरलँड्सचा बीच व्हॉलीबॉलपटू स्टीवन व्हान डे वेल्डे बारा वर्षांच्या मुलीवरील बलात्कारासाठी 2016 मध्ये इंग्लंडमध्ये दोषी ठरला आणि 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये खेळला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, आणि ती हुर्यो आम्हाला समजते. माइक टायसन बलात्काराच्या शिक्षेतून 1995 मध्ये सुटला आणि वर्षभरात पुन्हा जगज्जेता झाला. तिथे पश्चात्ताप कुणी तपासला नाही, तिकीटविक्री तपासली. असली संधी आम्हाला नको. मुलांवर, स्त्रियांवर हात टाकणाऱ्याला प्रशिक्षक म्हणून, शिबिराचा व्यवस्थापक म्हणून, वसतिगृहाचा रखवालदार म्हणून पुन्हा कधीही उभे करू नये. तिथे आमचे दार बंद आहे आणि बंदच राहील. देशाचा झेंडा छातीवर लावणे हा तर हक्कच नव्हे, तो मान आहे, आणि मान देताना राष्ट्राने हात आखडता घेतला तर आमची तक्रार नाही. परंतु आपल्या घामाची भाकरी कमावणे, गावच्या फडात लांग चढवून उतरणे, जिल्ह्याच्या मैदानावर घड्याळाशी स्पर्धा करणे हा हक्क आहे. पीडिताची भरपाई आधी द्यावी, बक्षिसाच्या रकमेतून द्यावी लागली तरी द्यावी. मग मातीत उतरावे.

सुधारणा होत नाही म्हणणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास वाचावा. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत उभी केली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना बेड्यांवाचून, शेती करत, बायकामुलांसह राहू दिले. व्ही. शांताराम यांनी त्यावरूनच 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला आणि जगाने तो गौरवला. आणि जुने कशाला, 2023 मध्ये येरवड्याच्या कैद्यांच्या संघाने जगभरातल्या कैद्यांसाठीच्या ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. भिंतीच्या आत ज्यांना आपण जगज्जेते म्हणून टाळ्या वाजवतो, त्यांनाच भिंतीबाहेर तालुक्याच्या स्पर्धेत नाव नोंदवू देणार नाही काय?

राज्याच्या क्रीडा खात्याने शिक्षा भोगून आलेल्या खेळाडूच्या पुनरागमनाचा नियम लिहून काढावा: कुठल्या गुन्ह्यानंतर किती काळ थांबायचे, अर्ज कुणाकडे करायचा, तो किती दिवसांत निकाली काढायचा. नकार दिला तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर दाद मागता यावी. खटला चालू आहे एवढ्याच कारणावरून कुणाला मैदानाबाहेर ठेवू नये. तुरुंगातही माती असावी, धावायला जागा असावी, कारण तीन वर्षे न हललेले शरीर सुटल्यावर कुणाच्या उपयोगाचे? पोलीस खात्याने पडताळणीच्या कागदावर गुन्हा लिहावा, तसाच त्याचा निकाल, त्यावेळचे वय आणि भोगून झालेली शिक्षाही लिहावी. आणि वस्तादांनो, तुमच्यासाठी कुठला शासन निर्णय लागत नाही. तालमीची किल्ली तुमच्याच कमरेला आहे.

आषाढात तुकोबारायांची पालखी बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून लासुर्ण्यावरून अंथुर्ण्याकडे जाते. दरसाल आपण रस्त्यावर सडा घालतो, वारकऱ्यांना जेवू घालतो, वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. त्याच गर्दीत मागे, कडेला, येरवड्याहून परतलेला एक पोरगा मान खाली घालून उभा असतो. त्याचे कान कुस्तीने चुरगाळलेले आहेत, खांदे अजून भरलेले आहेत. त्याला उद्या पहाटे तालमीत बोलवा.