विश्लेषण : ५जी टॉवरचा घाम कुठे निघतो?

देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सुरू झाले. टॉवरवरचे ६४ अँटेना एकाच वेळी, एकाच वारंवारितेवर अनेक फोन ऐकतात. सगळा गलका एकत्र. कोणत्या अँटेनाचे किती ऐकायचे हे ठरवणारे आकडे म्हणजे इक्वलायझरचे गुणांक. त्यासाठी मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, उलटवावी लागते. एकत्र ऐकायचे फोन दुप्पट झाले की हे काम साधारण आठपट होते. १०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उपवाहक ३,२७६, आणि दर अर्ध्या मिलिसेकंदाला नवा हप्ता! म्हणून चौकट थेट न उलटवता तिचे त्रिकोणी तुकडे करून गणित सोडवतात. शिवाय एकदा काढलेले गुणांक शेजारच्या उपवाहकांना आणि पुढच्या काही क्षणांनाही चालवून घेतात. वीज वाचते. धावत्या लोकलमध्ये मात्र ही काटकसर अंगाशी येते : डबा काही सेंटिमीटर सरकला तरी जुने गुणांक चुकू लागतात आणि फोन तोच मजकूर पुन्हा पाठवत बसतो.