आधी घरचे कट्टे, मग बाजार समिती



सोयाबीनचा भाव, चक्रीभुंगा, पिवळा मोझॅक यावर इथं नेहमी लिहितो. आज किराण्यावर लिहितो. आपल्या शिरपूर भागात किराण्याचं बिल हा आता पीकपद्धतीचाच विषय झाला आहे.

आपल्याकडे खरीप म्हणजे ज्वारी, तूर, मूग, उडीद, बरबटी, तीळ, अंबाडी असं सगळं मिळून असायचं. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन, मधात तुरीचं एखादं तास. पीक विकायचं आणि जेवण विकत घ्यायचं, अशी ही शेती झाली. सोयाबीन आपण पिकवतो अन् तेलाचा पिपा दुकानातून आणतो.

रेशन आहे, त्याचा आधार मोठाच. पण रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. पोट भरतं, ताट भरत नाही. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना तर 2023 पासून धान्याऐवजी खात्यात रोख येते. आधी माणशी महिना 150 रुपये होते, मग 170 झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं दूध-अंड्यासोबत माणसाला रोज साधारण 85 ग्रॅम डाळ-कडधान्य लागतं. महिन्याला अडीच किलो झालं. 170 रुपयांत ही एकटी डाळही बसत नाही, भाजी-तेल तर दूरच.

आता पाच माणसांच्या घराचा हिशोब करू. वर्षाला दीडशे किलोच्या वर डाळ-कडधान्य. त्यातली अर्धी तूरडाळ धरली तर सव्वा क्विंटलच्या आत तूर पुरते, म्हणजे दोन-सव्वादोन कट्टे. बाकीसाठी हरभऱ्याचे दीड-दोन कट्टे, थोडे मूग. साल बरं असलं तर एका एकरातल्या आंतरपिकाच्या तुरीत घरची डाळ निघते.

कोणी म्हणेल, भाऊ, तूर विकून डाळ आणली तरी रुपयात फार फरक नाही. यंदा भाव बरा असेल तर खरंही असेल. 2025-26 चा तुरीचा हमीभाव 8,000 रुपये क्विंटल आहे, तेवढा मिळाला तर विकण्यात तोटा दिसत नाही. पण माझा मुद्दा रुपयाचा नाही, थांबण्याचा आहे. पैसा घरात थांबत नाही. तुरीचे पैसे आले की उधारी, शाळेची फी, लग्नाचा आहेर. जून उजाडला की बियाणं-खत. त्याच महिन्यात वरण पातळ होतं. कोठीतला कट्टा मात्र खताच्या दुकानात जात नाही.

आणि पातळ वरण सगळ्यांच्या ताटात सारखं पातळ नसतं. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला तळचं पाणी येतं. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आहे, असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. निंदणाला, सोंगणीला याच बाया असतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. खळ्यावर रास पडली की घरचे कट्टे आधी बाजूला काढायचे, मग गाडी भरायची. तूर अख्खी ठेवली की भुंगा लागतो. चांगली वाळवून लवकर डाळ करून ठेवली तर जास्त टिकते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल याच कामासाठी आहे. जवळपास कुठल्या गटाकडं असेल तर तिथं न्या.

घरच्या सोयाबीनचंही तेच. त्यात प्रथिनं तुरीच्या दीडपटीहून जास्त, अन् आपण ते तोंडातही टाकत नाही. नऊ किलो गव्हात एक किलो सोयाबीन दळा. पण कच्चं दळू नका. आधी वीस-पंचवीस मिनिटं उकळून कडक वाळवा, नाहीतर पचत नाही. बीजप्रक्रिया केलेलं उरलेलं बियाणं यासाठी चुकूनही वापरायचं नाही, ते विष आहे.

तेलात सगळ्यात सोपी बचत आहे. पोषण संस्थेच्या हिशोबानं पाच माणसांना महिन्याला चार किलोच्या आसपास तेल पुरे. पंधरा किलोचा पिपा दोन महिन्यांत रिकामा होत असेल तर जवळपास दुप्पट तेल चाललं आहे. तो पैसा अंडी-दुधावर लावा.

पालेभाजीला तर पैसाच लागत नाही, फक्त धुरा सोडावा लागतो. तरोटा, कुंजर, केना, माठ हे धुऱ्यावर आपोआप येतं, पण आपण तणनाशक धुऱ्यापर्यंत मारतो. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, तिथं आपण फोटो काढतो अन् घरी येऊन पंप उचलतो. एक धुरा बिनफवारणीचा ठेवा, फवारलेल्या जागेची भाजी खाऊ नका. हरभऱ्याचे शेंडे महिन्या-सव्वा महिन्यानं खुडले तर फांद्या वाढतात आणि भाजी फुकट मिळते; फवारणीच्या आधी खुडा. वर लिंबू पिळा, भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवल्या-जेवल्या चहा मात्र नको.

ज्वारीचं काय? सगळ्यांनी परत ज्वारी पेरा असं मी म्हणणार नाही. रोही, रानडुक्कर, पाखरं, कापणीची मजुरी आणि ऐन वेळच्या पावसानं काळं पडणारं कणीस, ही कारणं खरी आहेत. एकट्यानं दहा गुंठे पेरली तर गावची सगळी पाखरं त्याच्याच वावरात उतरतात. लागून असलेल्या चार-पाच जणांनी एका पट्ट्यात पेरली तर राखण वाटून होते, नुकसानही वाटलं जातं. भाकर, कण्या आणि बैलाला कडबा, तिन्ही घरचं.

लागवडीचा खर्च आपण वहीत लिहितो. त्याच वहीत यंदा एक पान घरच्या ताटाचं ठेवा: माणसं किती, डाळ किती, कट्टे किती. तुमचा आकडा माझ्यापेक्षा वेगळा निघाला तर खाली लिहा. हिशोब तपासायला आवडेल.