भाषाविज्ञान नोकरी सांभाळून शिकता येते

भाषाविज्ञानात एम. ए. करायचे आहे, पण नोकरी सोडता येत नाही आणि गावही सोडता येत नाही, असे कुणी म्हटले की विद्यापीठीय वर्तुळातून ठरलेले उत्तर येते: हा विषय दूरशिक्षणाचा नाही. ध्वनिविज्ञानाला प्रयोगशाळा लागते, क्षेत्रकार्याला मार्गदर्शक लागतो, सिद्धांत समजायला समोरासमोर वाद घालावा लागतो. घरी पुस्तिका वाचून पदवी मिळेल. भाषेचा अभ्यासक मात्र घडणार नाही. हा पूर्वपक्ष अनुभवी अध्यापकांचा आहे आणि ते तो कळकळीने मांडतात. म्हणूनच तो झटकून न टाकता तपासायला हवा.

प्रयोगशाळेचा मुद्दा एके काळी बिनतोड होता. उच्चाराचे चित्र काढणारी यंत्रे महाग असत आणि ती मोजक्याच संस्थांकडे होती. १९९०च्या दशकात ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ‘प्राट’ ही संगणकप्रणाली तयार केली आणि ती सर्वांना विनामूल्य दिली. आज साध्या लॅपटॉपवर ती चालते. ‘चोर’ आणि ‘चार’ हे शब्द मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून तीत उघडले, तर दोन ‘च’ वेगळे असल्याचे डोळ्यांना दिसते: ‘चोर’मधल्या दंत्य च च्या घर्षणाची ऊर्जा अधिक वरच्या कंप्रतेत जाते. लिपीत एकच अक्षर, तोंडात दोन ध्वनी. हा प्रयोग नंदुरबारच्या विद्यार्थ्याला पुण्याच्या विद्यार्थ्याइतकाच करता येतो. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या मॅक्स प्लांक संस्थेची ‘एलान’ ही प्रणालीही अशीच खुली आहे. ध्वनिमुद्रणाखाली ओळीओळीने लिप्यंतर, अर्थ आणि व्याकरणिक टिपा जोडायला जगभरचे क्षेत्र-अभ्यासक तीच वापरतात.

यंत्र घरी आले तरी कान घरी तयार होत नाही, हे मात्र खरे. आपल्याच बोलीतले बारकावे आपल्याला ऐकू येत नाहीत; शेजारी बसून ‘पुन्हा ऐका’ म्हणणारे कुणीतरी लागते. त्यासाठी दोन वर्षे वसतिगृहात राहायलाच हवे का? पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५०च्या दशकात याचे उत्तर दिले आहे. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तिथे भाषाविज्ञानाचे उन्हाळी आणि हिवाळी वर्ग भरत. देशभरचे अध्यापक काही आठवडे येत, देशी-परदेशी भाषावैज्ञानिकांच्या हाताखाली कसून सराव करत आणि आपापल्या नोकरीवर परतत. स्वतंत्र भारतात भाषाविज्ञानाचे जे विभाग उभे राहिले, त्यांचा पाया बऱ्याच अंशी या वर्गांतून निघालेल्या माणसांनी घातला. सुट्टीतला सघन वर्ग आणि उरलेले वर्ष स्वतःच्या गावी काम, ही रचना या विषयाला नवी नाही.

खरे तर हा विषय वाढला तोच टपालावर. जर्मनीत गेओर्ग वेंकर याने १८७६ मध्ये गावोगावच्या शाळामास्तरांना वाक्यांची यादी पाठवायला सुरुवात केली: ही वाक्ये तुमच्या गावच्या बोलीत लिहून पाठवा. पुढे ही संख्या चाळीस हजारांहून अधिक शाळांपर्यंत गेली आणि त्या उत्तरांतून जर्मन बोलींचे नकाशे तयार झाले. भारतात जॉर्ज ग्रिअर्सन यांनी १८९८ मध्ये भाषासर्वेक्षणाची सूत्रे हाती घेतली. बायबलमधला उधळ्या मुलाचा दृष्टांत, एखादी लोककथा आणि शब्द-वाक्यांची ठरावीक यादी असा नमुना जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे गेला आणि भरून परत आला. पुढे ग्रिअर्सन इंग्लंडमध्ये कॅम्बरली येथे राहूनच हे काम पाहत होते. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला, तो स्टेन कोनोव या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला. १९२८ पर्यंत अकरा खंड पुरे झाले. त्यांच्याशिवाय आजही कुणी भारतीय बोलींवर लिहू शकत नाही.

या उदाहरणांवर प्रतिपक्ष लगेच बोट ठेवेल, आणि रास्त ठेवेल. ग्रिअर्सन यांना नमुने पाठवणारे कारकून-तलाठी ध्वनिविज्ञान शिकलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या लिप्यंतरावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. वेंकरच्या मास्तरांचेही तेच. फ्रान्समध्ये झ्यूल झिलिएराँ याने म्हणूनच वेगळा मार्ग घेतला: एदमाँ एदमाँ या एकाच, तरबेज कानाच्या माणसाला १८९७ ते १९०१ या काळात सहाशेहून अधिक गावांत पाठवले. हा एदमाँ विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. आपल्या सेंपोल गावच्या बोलीचा नाद असलेला तो हौशी अभ्यासक होता. आधी त्या बोलीचा कोश त्याने स्वतः केला, मग झिलिएराँकडून पद्धत शिकला. टपालाच्या सर्वेक्षणांत उणीव होती ती नमुने टिपणाऱ्याच्या प्रशिक्षणाची. तो गावात राहत होता, हा तर त्याचा सर्वांत मोठा गुण होता. त्यालाच शिकवले असते तर?

भाषाविज्ञानाला घातक ठरणारे अंतर अभ्यासक आणि भाषक यांच्यातले आहे. विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातले अंतर त्यापुढे किरकोळ ठरते. बेंजामिन ली व्होर्फ याचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. हार्टफर्डच्या अग्निविमा कंपनीत तो १९१९ पासून मृत्यूपर्यंत नोकरीला होता. १९३१ पासून येल विद्यापीठात एडवर्ड सपीर यांच्या वर्गांना जाऊन तो भाषाविज्ञान शिकला. नोकरी सांभाळून शिकलेला हा माणूस विसाव्या शतकातल्या भाषाचिंतनातले एक मोठे नाव झाला. अमेरिकेतल्या होपी या मूलनिवासी भाषेत काळाची संकल्पना आपल्यासारखी नाही, या त्याच्या सिद्धांताला एकेहार्ट मालोत्की यांनी १९८३ मध्ये ढीगभर उदाहरणे देऊन आव्हान दिले. व्होर्फचे सुरुवातीचे काम न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या एका होपी भाषकावर बेतलेले होते, तर मालोत्कींनी होपींच्या वस्तीत दीर्घकाळ काम केले होते. विमा कंपनीतली नोकरी व्होर्फच्या आड आली नाही. होपी गावांपासून तो लांब होता, ही अडचण मोठी होती.

आता महाराष्ट्राकडे वळावे. इथे इंडो-आर्यन मराठी, अहिराणी, भिली आहेत. गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी भाषा आहेत. मेळघाटात मुंडा कुळातली कोरकू आहे. आणि बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या परिसरात निहाली आहे, जिचे कोणत्याही भाषाकुळाशी नाते आजवर सिद्ध झालेले नाही. तिचे भाषक दोन-अडीच हजारांच्या घरात. निहालीवरचा गाजलेला ग्रंथ फ्रान्सिस्कस काउपर यांनी १९६२ मध्ये नेदरलँड्समध्ये बसून लिहिला, तोही प्रामुख्याने सुधिभूषण भट्टाचार्य यांच्या क्षेत्रटिपणांच्या आधारे. इतकी भाषिक श्रीमंती जिथे आहे, तिथून भाषाविज्ञानाचे पदव्युत्तर वर्ग दूर आहेत. गडचिरोलीहून पुणे सुमारे आठशे किलोमीटर. माडिया मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाने घरदार आणि पगार सोडून दोन वर्षे पुण्यात राहावे, ही अपेक्षा म्हणजे त्याला दार बंद असल्याचे सांगणेच होय.

या दाराबाहेर किती माणसे उभी आहेत, हे गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात दिसले. अरुण जाखडे यांनी संपादित केलेल्या महाराष्ट्र खंडात शिक्षक, कार्यकर्ते, लेखक आपापल्या भाषांवर लिहिते झाले. त्या कामावर शास्त्रीय काटेकोरपणाच्या अभावाची टीका झाली. टीका करणाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही: या उत्सुक माणसांना शास्त्र शिकवायची सोय कुणी केली?

वर्गातल्या रोजच्या व्यवहारातही हे ज्ञान लागते. वऱ्हाडातले मूल ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणते. न शिकलेला शिक्षक त्याला अशुद्ध ठरवून गप्प करतो. शिकलेल्याला त्यात ळ चा य होण्याचा नियम दिसतो आणि तो मुलाला प्रमाण मराठीपर्यंत न दुखावता नेऊ शकतो.

दूरस्थ पदवी कमी दर्जाची, हा आणखी एक आक्षेप तर कायद्यानेच निकालात काढला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त व दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, विधी असे काही विषय दूरस्थ पद्धतीला वर्ज्य आहेत. भाषाविज्ञान त्या यादीत नाही. पीएच. डी. दूरस्थ करता येत नाही, पण २०२२ च्या नियमांनी ती अर्धवेळ करता येते. म्हणजे नोकरदार माणसाची वाट एम. ए. पाशी खुंटत नाही.

दूरशिक्षणाचे आज जे चालते ते सगळे समर्थनीय आहे, असे मात्र नाही. जुन्या पुस्तिका पाठवायच्या, रविवारी दोन तास व्याख्यान उरकायचे, एकमेकांचे उतरवलेले स्वाध्याय तपासल्याचे दाखवायचे, असा अभ्यासक्रम भाषाविज्ञानाला नको. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या भागातल्या भाषकाचे ध्वनिमुद्रण करावे, त्याचे लिप्यंतर पाठवावे, मार्गदर्शकाने ते ऐकून चुका दाखवाव्यात आणि गुणांचा मोठा वाटा याच कामाला असावा. मे महिन्यात तीन-चार आठवड्यांचे ध्वनिविज्ञान शिबिर सक्तीचे असावे. दहा-बारा जणांच्या गटाने आठवड्यातून एका संध्याकाळी मार्गदर्शकासह ऑनलाइन बसावे, म्हणजे चर्चेचा आक्षेप उरत नाही आणि एकाकी पडून अभ्यास सोडणारे कमी होतात. वाचनासाठी ना. गो. कालेलकर, अशोक केळकर यांचे मराठी लेखन आहे, ‘भाषा आणि जीवन’चे अंक आहेत.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे केंद्रांचे जाळे आहे, डेक्कन कॉलेजकडे परंपरा आणि तज्ज्ञ आहेत, आणि रिद्धपूरचे नवे मराठी भाषा विद्यापीठ मेळघाटच्याच अमरावती जिल्ह्यात उभे आहे. या तिघांनी एकत्र बसून असा अभ्यासक्रम आखावा आणि पहिल्या तुकडीतल्या जागा कोरकू, माडिया, कोलामी आणि निहाली भाषकांमध्ये काम करणाऱ्या शिक्षकांसाठी राखाव्यात.