देहाला नॉमिनी नसतो

पीएफला नॉमिनी आहे. बँकेला आहे, म्युच्युअल फंडाला आहे, डीमॅटलाही आहे. कंपनीत जॉइन झालो त्या दिवशी एचआरच्या बाईंनी फॉर्मांची चळत पुढ्यात टाकली आणि प्रत्येकावर नात्याच्या रकान्यात मी 'आई' लिहीत गेलो. म्हणजे उद्या मी गचकलो तर माझ्या सहा वर्षांच्या बचतीचं काय करायचं हे पक्कं ठरलेलं आहे. पण माझं स्वतःचं, म्हणजे या पासष्ट किलोंचं काय करायचं? ते ठरवणार त्या दिवशी दारात जो सगळ्यात मोठ्यानं बोलेल तो.

अतिशयोक्ती वाटत असेल तर आमच्या आजीचं सांगतो.

आजी चौथी शिकलेली, बारामतीजवळच्या आमच्या गावाबाहेर फारशी कधी न गेलेली. तिनं देहदानाचा फॉर्म भरला होता. कुणी डोक्यात भरवलं नव्हतं. दवाखान्यात कुणाशी तरी बोलली आणि घरी येऊन म्हणाली, "जाळून काय उपेग? पोरं शिकतील तरी." साक्षीदार म्हणून सही माझी. दोन वर्षांपूर्वी ती रात्री अडीचला गेली. पहाटे पाचपर्यंत अंगणात भावकी जमली. मी फॉर्म बाहेर आणला. चुलत्यांनी तो चष्मा लावून नीट वाचला, घडी घातली, स्वतःच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "म्हातारीला काय कोण नव्हतं का? फाडायला द्यायची?" अंगणातून 'बरोबर आहे' असा गलका झाला. वडील गप्प. सकाळी नऊला कऱ्हेच्या काठावर सगळं उरकलं. तिसऱ्या दिवशी सावडलं, राख नीरा नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमात सोडली आणि दहाव्याला चार पुढाऱ्यांची भाषणं झाली. त्यातल्या दोघांनी आजीचं नाव चुकीचं घेतलं.

त्याच वर्षी आमचा मोती गेला. तेरा वर्षांचा, शेतावरचा साधा गावठी कुत्रा. याच चुलत्यांनी त्याला स्वतःच्या टॉवेलात गुंडाळलं, बांधावरच्या लिंबोणीखाली स्वतः खड्डा खणला, कमरेएवढा खोल. का तिथंच? तर "उन्हाचा तिथंच पडून असायचा." बास. भावकीला विचारलं नाही, कावळ्याची वाट बघितली नाही, फ्लेक्स लावला नाही. दोन दिवस नीट जेवले नाहीत ते.

आता बघा. एकच माणूस, एकच वर्ष. ज्याला बोलता येत नव्हतं त्या कुत्र्याला काय आवडलं असतं याचा त्यांनी विचार केला. जिनं सहीनिशी लिहून ठेवलं होतं तिचा कागद खिशात घातला. चुलते वाईट नाहीत हो, उलट घरातला सगळ्यात मायाळू माणूस. फरक फक्त प्रेक्षकांचा होता. लिंबोणीखाली कुणी बघायला नव्हतं, अंगणात अख्खी गल्ली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे जनावराचा अंत्यविधी मेलेल्यासाठी होतो आणि माणसाचा बघणाऱ्यांसाठी. आणि याची मला चीड आहे.

'कुत्र्याचं कसलं आलंय अंत्यसंस्कार' म्हणून फिदीफिदी हसणारेही भेटतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. सातारच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे, कधीही जाऊन बघा. रायगडावरच्या वाघ्याचा पुतळा १९३६ सालचा, तुकोजीराव होळकरांच्या देणगीतला. तो कुत्रा खरंच होता की नाही यावर इतिहासकारांचं एकमत नाही. तरी २०११ मध्ये पुतळा हलवला तर गदारोळ होऊन परत बसवावा लागला, आणि २०२५ मध्ये काढून टाकण्याची मागणी झाल्यावर पुन्हा तेच. म्हणजे असण्याबद्दलच शंका असलेल्या कुत्र्याच्या स्मारकासाठी आपण भांडू शकतो. आजीच्या सहीसाठी मात्र त्या अंगणात एक जण बोलला नाही.

पण शहरातल्या आम्हा 'पेट पॅरेंट' मंडळींनीही फार टेंभा मिरवू नये. लॅब्राडॉरच्या वाढदिवसाला केक कापायचा आणि तो मेला की गोणीत घालून सोसायटीच्या सफाईवाल्या काकांच्या हातात शंभराची नोट टेकवायची, 'बघा जरा काहीतरी'. हे काहीतरी म्हणजे कालवा, नाहीतर हायवेच्या कडेचा खड्डा. मेलेलं जनावर ओढायचं काम या महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलेलं होतं. ते काम सोडा, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे बाबासाहेबांना १९२७ साली महाडला सांगावं लागलं. आता जात विचारत नाही आपण, नोट देतो. हातांत फारसा बदल झालेला नाही.

जनावर तुमचं असेल तर त्याचं शेवटचं कामही तुमचंच. जागा असेल तर खोल पुरा, विहिरीपासून आणि पाटापासून लांब. वरवर पुरलं तर दुसऱ्या रात्री दुसरी कुत्री उकरतात. इंजेक्शन देऊन शांत केलेलं असेल तर उघड्यावर टाकणं हा गुन्हाच मानावा, कारण औषध मेलेल्या अंगात राहतं. गिधाडं अशीच संपली. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मढ्यांतून त्यांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद होईपर्यंत आभाळ रिकामं झालं होतं. जागा नसेल तर दहनाची सोय शोधा. मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी दहनभट्टी सुरू केली. बारामतीसारख्या गावातही आता ब्लॉकमध्ये कुत्री पाळणारे कमी नाहीत, ही मागणी कुणीतरी नगरपरिषदेकडे लावून धरायला हवी.

गिधाडांवरून आठवलं. ज्यांचा अंत्यविधीच गिधाडांवर अवलंबून होता त्या पारशी समाजात केवढी भांडणं झाली यावरून! शेवटी ज्यांना दहन हवं त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उभं राहिलं. मूठभर लोकांचा, हजारभर वर्षं रीत जपणारा समाज तिथवर येऊ शकतो. आणि आम्ही 'आपल्यात असं नसतं' या तीन शब्दांपुढे हात टेकतो.

'आपल्यात' म्हणजे नक्की कुणात? माझ्याच गावात लिंगायत पुरतात, मुसलमान पुरतात, आम्ही जाळतो, आणि गोसावी मंडळींत समाधी देतात. हल्ली आमच्या भागात राख नदीत न सोडता शेतात खड्डा घेऊन त्यावर झाड लावणारी घरंही आहेत. त्यातलं कुठलं सनातन आणि कुठलं नवं?

आपलं शेवटचं ठरवणं किती अवघड आहे याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुण्यातलंच. महात्मा फुल्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की मला जाळू नका, मिठात पुरा. घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि वस्तीत पुरायला नगरपालिकेनं परवानगी दिली नाही. दहनच करावं लागलं. तिथंही भाऊबंद उभेच. दत्तक यशवंताला टिटवं धरण्याचा हक्क नाही म्हणून वाद. मग सावित्रीबाईंनी टिटवं हातात घेतलं, पुढे चालल्या, अग्नीही दिला. सगळ्या महाराष्ट्राशी भांडलेला माणूस, पण स्वतःच्या देहाबद्दलची इच्छा काही पुरी झाली नाही. जे थोडंफार त्यांच्या मनासारखं झालं ते सोबत सावित्रीबाई होत्या म्हणून. अस्थी मग त्याच आवारात ठेवल्या.

आता दुसरी बाजू. सावरकरांनी लिहून ठेवलं होतं की विद्युतदाहिनीतच दहन करा, पिंडदानबिंडदान नको. १९६६ मध्ये मुंबईत चंदनवाडीला त्याप्रमाणे विद्युतदाहिनीत दहन झालं. जानेवारी २०१० मध्ये ज्योती बसूंचा देह कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयात गेला, आणि पुढच्याच महिन्यात आपल्या हिंगोलीकडच्या कडोळीचे नानाजी देशमुख चित्रकूटला वारले तर त्यांचा देह दिल्लीला 'एम्स'मध्ये पोचवला गेला. एक कम्युनिस्ट, एक संघाचे. एकमेकांचं एक वाक्य पटलं नसतं त्यांना. पण दोघांभोवतीच्या माणसांना आधीपासून माहीत होतं आणि मान्य होतं. फॉर्म आजीनेही भरलाच होता की!

हे जरा नीट समजून घ्या, कारण फॉर्म भरून लॅमिनेट करून भिंतीला लावणारे पुरोगामी मित्रही माझ्याकडे भरपूर आहेत. देहदानाचा अर्ज म्हणजे चेक नव्हे. मेल्यावर देह ताब्यात असतो नातेवाइकांच्या. त्यांनी नेऊन दिला नाही तर कॉलेज जप्ती आणत नाही. आणि नेला तरी दरवेळी घेतला जाईलच असं नाही. पोस्टमॉर्टेम झालेलं असेल, एचआयव्ही, कावीळ बी असे संसर्ग असतील, जंतुसंसर्ग सगळ्या अंगात पसरलेला असेल, तर नाही म्हणतात. उशीर झाला तरी अडचण. नैसर्गिक मृत्यूचा डॉक्टरचा दाखला लागतो, आणि पहाटे अडीचला तो मिळवणं हे स्वतंत्र प्रोजेक्ट आहे. डोळे मात्र घरी मृत्यू झाला तरी सहा तासांच्या आत देता येतात. हे सगळं माहीत असणारा, शांत डोक्याचा, भावकीला न घाबरणारा एक माणूस त्या रात्री घरात लागतो. नॉमिनी म्हणतोय तो हाच.

'फाडतात' या शब्दाचं भय मला समजतं. चुलत्यांचं चुकत असलं तरी त्यांच्या डोळ्यांपुढे काय उभं राहिलं असेल ते दिसतं मला. पण मग बारामतीत २०१९ साली शासकीय मेडिकल कॉलेज सुरू झालं तेव्हा पेढे का वाटले? शंभर जागांचं कॉलेज. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव आहे त्याला. तिथं पहिल्या वर्षाची पोरं शरीर शिकणार ते कशावर? प्लास्टिकच्या सांगाड्यावर? आपल्याला पोरगं डॉक्टर व्हायला पाहिजे, ऑपरेशन करताना त्याचा हात चुकायला नको, पण ज्यावर हात बसायचा तो देह दुसऱ्या कुणाचा तरी, शक्यतो बेवारस, गरिबाचा. आमच्या आजीला हे चौथीत कळलं होतं.

आणि मोक्षाचं म्हणाल तर ज्या देवाला आजीचा आत्मा शोधायला आधी तीन-चारशे किलो लाकूड जळलेलं लागतं, त्या देवाचं सर्च इंजिन फारच स्लो आहे. (ह. घ्या.)

माझं मी ठरवलंय, आणि इंजिनियर असल्यामुळे ट्राय-कॅचसकट. डोळे नक्की. दवाखान्यात मेंदू मृत झाला तर अवयव, आणि मग देहदान बहुधा होणार नाही, चालेल. घरी सरळ गेलो तर देह बारामतीच्या कॉलेजला. सोलापूर हायवेवर गेलो आणि पोस्टमॉर्टेम झालं तर विद्युतदाहिनी किंवा गॅस, जे जवळ असेल ते. राख लिंबोणीला घाला, मोतीशेजारी. दहावा नको, फ्लेक्स नको, भाषणं तर अजिबात नकोत. ज्यांना जेवायचंय त्यांनी जेवावं, मटण असलं तरी माझी हरकत नाही :)

नॉमिनी धाकटी बहीण. ती घाबरत नाही कुणाला. मेलमध्ये लिहून दिलंय, फोन नंबरांसकट, आणि आईवडिलांना समोर बसवून वाचूनही दाखवलं. वडील ऐकून उठून गेले, पण संध्याकाळी परत येऊन 'तो नंबर माझ्याही फोनात टाक' म्हणाले. आई 'डोळे घ्या, बाकीचं बघू' इथंच अडली आहे. तिच्याशी दर रविवारी फोनवर वाद चालू आहे. चुलत्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. बेंदराला गावी जातोय, बैलं धुऊन झाली की सांगणार आहे, लिंबोणीखाली बसून, अंगणात नाही.