चिपाडाचा हिशेब

निसर्गाची जपणूक हा कारखान्याच्या नफ्यावर पडणारा भुर्दंड होय, असा समज व्यापारी वर्गात दीर्घकाळ रूढ आहे. धूर गाळणे, सांडपाणी शुद्ध करणे, इंधन जपून वापरणे ही कामे परवडली तरच करावयाची, अशी त्यामागील भावना असते. भारतातील साखरधंद्याचा हिशेब बारकाईने पाहिला असता हा समज बव्हंशी चुकीचा ठरतो. आणि जेथे तो खरा ठरतो, तेथेही त्यापासून घेण्याजोगा धडा आहे.

१०० टन ऊस गाळला म्हणजे सामान्यतः १० टनांच्या आसपास साखर हाती येते. त्याखेरीज २८ ते ३० टन बगॅस, म्हणजे ओले चिपाड, ४ ते ५ टन मळी आणि रस गाळताना उरणारा ३ ते ४ टन गाळ निघतो. बाकीचा बहुतेक भाग पाण्याचा. शेतकऱ्याला पैसे उसाच्या वजनावर द्यावे लागतात. अर्थात चिपाडही कारखान्याने विकतच घेतलेले असते. विकत घेतलेला माल टाकाऊ समजणे हा साध्या दुकानदारीतही दोष मानला जातो. साखर कारखान्यांत मात्र ती रीतच होऊन बसली होती.

जुने बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २१ किलोग्रॅम दाबावर चालत. चिपाड साठविणे गैरसोयीचे व आगीच्या दृष्टीने धोक्याचे. म्हणून ते जळून संपावे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असे. पुढे ६७ किलोग्रॅम व त्याहून अधिक दाबाचे बॉयलर आले. त्यांतील वाफ प्रथम टर्बाइन फिरविते आणि दाब उतरल्यावर तीच रस आटविण्याच्या कामी येते. या दुहेरी उपयोगास सहवीजनिर्मिती म्हणतात. चिपाड तेवढेच, परंतु कारखान्याची गरज भागून वीज उरते आणि ती विकता येते.

या विक्रीचे महत्त्व केवळ मिळणाऱ्या रकमेत नाही. उसाचा किमान दर सरकार ठरविते, साखरेचा भाव मात्र बाजारात चढतो व उतरतो. या कात्रीत सापडलेला कारखाना शेतकऱ्यांची देणी थकवितो. उसाचे पैसे १४ दिवसांत चुकते करावेत, असा दंडक १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने घालून दिला. तरीही थकबाकी वारंवार साचत गेली. साखरेच्या भावावर अवलंबून नसलेले उत्पन्न अशा वेळी उपयोगी पडते. २००३ च्या वीज कायद्याने सहवीजनिर्मितीस उत्तेजन देण्याचे काम राज्यांच्या वीज नियामक आयोगांकडे सोपविले.

तथापि नवा बॉयलर बहुधा कर्जावर येतो आणि गाळपाचा हंगाम वर्षातील काही महिनेच चालतो. विजेला रास्त दर व वेळेवर पैसे न मिळाल्यास कर्जाचे हप्तेच डोईजड होतात. म्हणून आधी वाफेची गळती थांबवावी, रस आटविण्यास लागणारी वाफ कमी करावी, उसातूनच निघणारे पाणी पुन्हा वापरावे आणि मगच मोठ्या यंत्रांकडे वळावे, हा क्रम शहाणपणाचा.

मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे दर लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर गडद तपकिरी सांडपाणी निघते. त्यापासून जळाऊ वायू मिळतो, ही जमेची बाजू. पण वायू काढून घेतल्यावरही उरलेले पाणी नदीत सोडण्याजोगे नसते, आणि पुढील शुद्धीकरणाचा खर्च नेहमीच भरून येत नाही. ते ओढ्यात सोडून दिले, तर कारखान्याचा खर्च वाचतो. परंतु त्याची किंमत खालच्या गावांतील विहिरींना द्यावी लागते. असा खर्च हिशेबात आणण्याचे काम बाजार करीत नाही; ते कायद्यालाच करावे लागते.

सारांश, जेथे नासाडी कारखान्याच्या स्वतःच्या खिशातून होते, तेथे चोख हिशेब हाच निसर्गाचा रक्षक आहे. जेथे ती दुसऱ्याच्या खिशातून होते, तेथे नफ्याच्या आशेवर विसंबणे भोळेपणाचे ठरेल. पहिल्या ठिकाणी चालकांनी दूरदृष्टी दाखवावी आणि दुसऱ्या ठिकाणी शासनाने कठोर व्हावे. तरच उद्योग टिकेल आणि त्याच्या भोवतीचे गावही टिकेल.